बटणांचं कारंजं

भिंगरी हे नाव तिला आईनं दिलं होतं. लहानपणी ती ताटावरसुद्धा धड बसत नसे. एक घास तोंडात, दुसरा हातात आणि पाय दाराबाहेर. मोठेपणी पोटापाण्यालाही तिनं तोच उद्योग धरला. शहर बघायला आलेल्या परक्या माणसांना ती आपल्या भागातून हिंडवून आणायची. कुठे खावं, काय घ्यावं, काय बघावं, एवढंच त्यांना हवं असे, आणि एवढं तिला झोपेतही सांगता आलं असतं.

फेरीचं ऑफिस नदीपलीकडे होतं. घोळका हरवू नये म्हणून ऑफिसनं सगळ्या वाटाड्यांना रंगीत छत्र्या दिल्या होत्या. भिंगरीची छत्री वाऱ्यानं उलटी होऊन मोडली, तेव्हा सूपवाल्यानं आपली लांब दांड्याची लाकडी पळी तिच्या हातात ठेवली. म्हणाला, आजचा दिवस निभावून ने. तिनं पळीला लाल फीत बांधली, आणि तो एक दिवस काही संपला नाही. पळी वर धरून ती पुढे, मागून गळ्यात कॅमेरे घातलेली माणसं, असं ते लटांबर रोज सकाळी पूल उतरून येई. आळीतले दुकानदार म्हणत, आली बघा वाढपी.

फेरीचा क्रम तिचा तिनं लावला होता. आधी पोट, मग पिशवी, मग डोळे. भुकेलं माणूस मनोऱ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतं, हा तिचा अनुभव. म्हणून पहिल्यांदा तळघरातली पावाची भट्टी. पायऱ्या दिसायच्या आधीच वास वर येऊन माणसाला हाताला धरून खाली नेई. मग सूपवाला. त्याच्याकडे खुर्च्या नव्हत्या. उभ्यानं प्यायलं की सूप पायांपर्यंत पोचतं, असं तो म्हणे, आणि गारठ्यात आलेल्या लोकांना ते पटे. मग दुकानं: चाकूला धार लावणारा, टोप्या धुऊन पुन्हा आकाराला आणणारा, जुन्या कपबश्यांचं दुकान, जिथे कप एका घरचा आणि बशी दुसऱ्याच घरची. आणि शेवटी बघायचं.

बघण्यासारखं खरं तर काही नव्हतं. राजवाडे, मनोरे, मोठमोठे पुतळे, सगळा थाट नदीपलीकडे. अलीकडच्या वाट्याला एक वाकडा जिना आला होता आणि चौकातलं एक कारंजं. कारंज्यात दगडी बदक. घडवणाऱ्याचा हात चुकला की दगडाचीच शीर आडवी गेली कोण जाणे, पण बदकाची मान एका अंगाला कलली होती. चोचीतली धार हौदाच्या मधोमध न पडता कडेला पडे, आणि जवळ उभ्या राहणाऱ्याचा एक बूट हमखास भिजवी.

या बदकाचा सांभाळ तिच्या थोरल्या भावाकडे होता. दादा पाणीखात्यात कारागीर होता. नदीअलीकडचे सगळे नळखांब, हौद आणि पंप त्याच्या हाताखालचे. चौकातल्या लोखंडी झाकणाखाली एक कोंदट खोली होती. तिच्यात पंप, पंपाच्या तोंडाशी जाळी, आणि पाणी सोडायच्या-बंद करायच्या दोन चाव्या. झाकण उघडं दिसलं की भिंगरी पळीनं त्याच्या कडेवर टकटक करी. खालून दादाचा आवाज येई, की आज सूप नको, काल फार मीठ होतं. परक्या माणसांना वाटे, हेही फेरीतलंच.

बटणाची गोष्ट सुरू झाली ती आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात.

आई हयातभर लोकांचे कपडे दुरुस्त करायची. उसवलेलं शिवणं, झिजलेली कॉलर उलटवणं, बटणं लावणं. तिच्या मागं राहिलेल्या सामानातून भिंगरीनं फक्त तिचा कोट उचलला. काळपट तपकिरी, अंगाला जरा सैल, पुढे शिंगाची बटणं. लोकांची बटणं लावता लावता आईला स्वतःचं मधलं बटण लावायला सवड झाली नव्हती. ते दोऱ्यावर लोंबत होतं. भिंगरीनंही ते लावलं नाही. आज लावू, उद्या लावू म्हणत ती ते बोटानं चाचपत राही.

त्या दिवशीचा घोळका कंटाळलेला होता. एकाला जांभई आली, तिची लागण बाकीच्यांना झाली. हौदाच्या आतल्या कडेला गवंड्यानं कोरलेली खूण होती, ती दाखवायला म्हणून भिंगरी वाकली आणि दोरा तुटला. बटण पाण्यात पडलं, डोललं, एकदा इकडे एकदा तिकडे झालं आणि हळूहळू जाळीच्या दिशेनं गेलं. ती बघत राहिली. वाटाड्यानं असं बघत राहू नये. घोळक्याला वाटतं, बघण्यासारखं काही आहे. तसंच झालं. मागची माणसं पुढे आली. एका बाईनं अदबीनं विचारलं, की ही इथली काही रीत आहे का.

नाही, बटण तुटलं, एवढं म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते असं, की इथं बटण टाकलं म्हणजे दूर गेलेलं माणूस परत येतं.

कुणी हसलं नाही. एका उंच म्हाताऱ्या गृहस्थानं बाहीचं बटण पिळून तोडलं आणि पाण्यात टाकलं. मग बाकीच्यांनी. जांभई देणाऱ्यानं तर दोन टाकली.

गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही, आणि ही तर चालणाऱ्यांच्याच घोळक्यात जन्मली होती. पुढच्या घोळक्यानं आपण होऊन विचारलं, बटणांचं कारंजं ते हेच ना. बाकीचे वाटाडेही सांगू लागले. एकानं त्यात एक खलाशी घातला, दुसऱ्यानं खलाशाची वाट बघणारी बायको. ऑफिसनं जाहिरात छापली, तिच्यावर बदक, आणि बदकाच्या मानेचा कल छपाईत सरळ करून टाकलेला. बटणवाल्या मावशींचं दुकान चौकाच्या तोंडाशीच होतं. दुकान इतकं अरुंद, की दुसरं गिऱ्हाईक आत यायचं तर पहिल्यानं बाहेर यावं. भिंतीला खणच खण, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक खणाच्या पुढ्यात त्यातलं एक बटण शिवून टाकलेलं. गेली कित्येक वर्षं मावशी तिथे मांजरासारख्या पेंगत बसायच्या. आता त्यांनी दाराशी टोपली ठेवली, सुट्या बटणांची, आणि पेंगायचं बंद केलं. भिंगरीला बघून म्हणाल्या, तुझ्या आईनं मला आयुष्यभर रिळांचं गिऱ्हाईक दिलं, तू तर गावच आणून बसवलंस.

भिंगरीला बरं वाटलं. खोटं बोलून कुणाचं इतकं भलं होतं, हे तिला माहीत नव्हतं.

दादा तेवढा गप्प होता. झाकणावर पळी वाजवली तरी खालून सुपाची चौकशी होईना. मग एका रविवारी सकाळी तो तिच्या घरी आला, हातात बिस्किटांचा रिकामा डबा. रिकामा म्हणजे बिस्किटांपुरता. त्यानं तो टेबलावर उपडा केला आणि टेबलभर बटणं पसरली. पांढरी, निळी, पितळी, कापडानं मढवलेली, काहींच्या पोटाशी अजून दोऱ्याच्या शेंड्या.

"घे. तुझं पीक," तो म्हणाला.

ती म्हणाली, माझं कसलं, मी एकच टाकलं आणि तेही चुकून पडलं. तो म्हणाला, हातानं एकच टाकलंस, तोंडानं टाकलीस ती मोज.

मग तो बसला आणि समजावून सांगू लागला. काम समजावताना त्याचा राग निवे, हे लहानपणापासूनचं. लोकांनी नाणी टाकली असती तर त्याची काही तक्रार नव्हती. नाणं बुडतं आणि पडल्या जागी निमूट राहतं. बटण हलकं. ते पाण्याच्या ओढीबरोबर जातं आणि पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं, माशाला खवले असावेत तशी एकावर एक, की पाण्याला आत यायला भोकच राहत नाही. आणि लहान असतात ती जाळीतून घुसतात, त्यांचे दोरे पंपाच्या पात्याला वेढे घालतात. पंप कोरडा फिरतो, तापतो, जळतो. जळला होता. पुन्हा जळला होता. खात्याचे साहेब येऊन बघून गेले होते. साहेबांना कारंज्याचा राग नव्हता, प्रेमही नव्हतं. ते म्हणाले, येत्या महिनाभरात पुन्हा बंद पडलं तर हौदात माती भरू, फुलझाडं लावू. बदक तसंही दगडाचंच आहे, त्याला पाण्यावाचून काही होत नाही.

"आणि तू?" तिनं विचारलं.

त्याला शहराबाहेरच्या मोठ्या पाणीघरात पाठवणार होते. तिथं पाणी दिसत नाही, तो म्हणाला. काचेमागे काटे असतात, त्यांच्याकडे बघत बसायचं.

ती काही वेळ बटणं चाळत राहिली. वरची बाजूला सारली, खालची वर आणली. शिंगाचं, काळपट तपकिरी, कडेला टवका उडालेलं असं एक त्यात असायला हवं होतं. नव्हतं. दादा तिच्या बोटांकडे बघत होता. मग त्यानं दाराच्या खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं, जिथे मधल्या जागी आता मावशींकडचं काळं बटण होतं, बाकीच्यांत मिसळू न शकणारं.

"टाकलंस ना?" तो म्हणाला. "मग? आली का ती परत?"

भिंगरीनं हातातलं बटण खाली ठेवलं. तिनं उठून चहाचं आधण उतरवलं. ती वळेपर्यंत तो गेला होता आणि डबा राहिला होता. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या दादांनी निरोप दिलाय, की ते तुमच्याशी बोलत नाहीत. आता हे सांगायलाही मलाच बोलायला लावलंय, तेवढं समजून घ्या."

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी गोष्ट मागे घ्यायच्या खटपटीला लागली. पहिल्यांदा तिनं कारंजं टाळलं. वाकड्या जिन्यावरून घोळका परस्पर पुलाकडे वळवला, तर मागची माणसं चौकाकडेच वळली. त्यांच्या हातात जाहिरात होती. मग तिनं खरं सांगून बघितलं. अशी काही रीत नाही, माझं बटण तुटलं आणि मी भलतंच बोलून गेले. घोळक्यानं ते कौतुकानं ऐकून घेतलं. एका आजीबाईंनी तिच्या हाताला थोपटलं आणि म्हटलं, सगळ्या रिती अशाच कुणाच्या तरी तोंडून सुरू होतात, पोरी, त्यात लाजायचं काय. आणि पिशवीतून बटण काढलं.

तेवढ्यात खात्यानं पाटी लावली: हौदात बटणं टाकू नयेत. तोवर ज्यांना गोष्ट माहीत नव्हती त्यांनाही ती पाटीनं कळवली. नदीपलीकडून केवळ रस्ता चुकून आलेली माणसंसुद्धा पाटी वाचायची, एकमेकांकडे बघायची आणि आपल्या छातीवर सैल काही आहे का ते चाचपायची. पाटी लावणारा माणूस जाताना स्वतःच एक टाकून गेला, असं सूपवाला सांगे. त्याचं सगळं खरं धरायचं नसे, पण हे भिंगरीनं धरलं.

महिना सरत चालला होता. झाकण आता रोज उघडं दिसे. दादा खाली उतरून हातानं जाळी खरवडे, वर येऊन धार बघे, पुन्हा उतरे. धार बारीक झाली होती. तिनं आता कुणाचा बूट भिजत नसे. भिंगरी पळी घेऊन जवळून जाई. ती टकटक करत नसे आणि तो वर बघत नसे. घोळक्यातलं कुणीतरी हमखास विचारी, हे गृहस्थ काय करताहेत. ती म्हणे, पाण्याचं काम.

एका दुपारी घोळका पुलाशी सोडून ती मावशींकडे गेली. काळं बटणही सैल झालं होतं. आपण लावलं की टिकत नाही, आई असती तर तिनं नाक मुरडलं असतं. कोट काढायला लागली तर मावशींनी हातानंच थांबवलं. अंगावरच राहू दे, म्हणाल्या. त्यांनी सुई ओवली, तिला उजेडात वळवून उभं केलं आणि टाका घातला. भिंगरी सांगू लागली, दादाचं, साहेबांचं, मातीचं.

"गप," मावशी म्हणाल्या. "अंगावर सुई चालते तोवर बोलायचं नसतं. तुझी आई काय म्हणायची?"

काय म्हणायची ते तिला सगळं एकदम आठवलं. शाळेला निघायची घाई, दारात आई, दातांत दोरा. दादाचं बटण नेहमीच तुटलेलं. आई त्याला अंगावरच बटण लावायची आणि दम द्यायची, की बोललास तर ओठांनाही टाका पडेल. तो गाल फुगवून उभा राही. भिंगरी समोर वाकुल्या दाखवून त्याला हसवायला बघे. आणि आई टाक्याटाक्याला पुटपुटे. पुटपुटे काय, गुणगुणे:

धाग्या रे धाग्या, बांध घट्ट गाठ,
गेल्या पावलांना दाव घरची वाट.

मग दोरा दातानं तोडी, बटणावर बोट आपटी आणि म्हणे, जा आता.

भिंगरी हलली नाही. हौदाच्या कडेला आपण जे बोललो ते आभाळातून पडलं नव्हतं, हे तिला कळलं. शब्द आईचेच होते. फक्त बटण पाण्यात टाकायचं हे तिचं. आईनं कधी बटण टाकलं नसतं, तिनं आयुष्यभर ती उचलून लावली. मावशींनी दोरा तोडला. भिंगरीनं लगेच विचारलं, की मावशी, सुया किती आहेत तुमच्याकडे. मावशी म्हणाल्या, बटणवालीला सुया विचारतेस, उद्या भट्टीवाल्याला पीठ विचारशील.

दुसऱ्या सकाळी तिनं फेरीचा क्रम मोडला. पोट झालं, पिशवी झाली, पण डोळ्यांच्या आधी तिनं घोळका मावशींच्या दाराशी उभा केला. टोपलीशेजारी आता रिळं होती आणि खणाच्या कडेला खोचलेल्या सुया. पळी खाली ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली. पाण्यात बटणं टाकतात ते घाईतले लोक, ती म्हणाली. इथल्या घरांत वेगळं चालतं. बटण आपलं आपण लावायचं नसतं. दुसऱ्यानं लावायचं, अंगावरच. लावून होईस्तोवर ज्याचं बटण त्यानं बोलायचं नाही. मग ती दोघं कुठंही गेली तरी पुन्हा भेटतात. आणि तिनं आईच्या ओळी म्हटल्या. चारचौघांत म्हणताना आवाज जरा अडखळला, पण वाटाड्याचा आवाज. तो पुढे सरकला.

काही माणसं खुश झाली. एका जोडप्यानं लगेच सुई उचलली. पण त्यांच्यात एक निवृत्त मास्तर होते, फेरीभर प्रत्येक गोष्टीचं साल विचारत आलेले. ते म्हणाले, जाहिरातीत तर टाकायचं म्हटलंय. आम्ही येताना घरून बटणं आणलीत. आणि ते चौकात गेलेच. त्यांच्यामागून बाकीचे.

झाकण उघडं होतं. दादा कमरेपर्यंत वर, हात काळे, अंगात खात्याचा निळा डगला, त्याचं गळ्याजवळचं बटण गायब. धार चोचीतून जेमतेम ओघळत होती. हौदापलीकडे साहेब उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्या हाताचा अंगठा मातीच्या गाडीला बोलवावं की नाही या विचारात फोनवर टेकलेला. मास्तरांनी खिशातून बटण काढलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. खात्री केल्याशिवाय काही करायची त्यांना सवय नसावी. ते झाकणाकडे वळले.

"अहो, तुम्ही इथलेच ना?" ते म्हणाले. "या बाई एक सांगतात, जाहिरात दुसरंच. खरी रीत कोणती?"

दादानं चिंधीनं हात पुसले. पुसायला फार वेळ लावला. भिंगरी पळी धरून उभी होती, खाली, पोटाशी. तो एवढंच म्हणाला असता, की हे सगळं हिनंच रचलंय, तर ते खरं होतं, आणि त्याला ते कित्येक दिवस म्हणायचं होतं. मग मास्तर हसले असते, बटण पाण्यात गेलं असतं, आणि साहेबांचा अंगठा खाली आला असता.

"टाकायची रीत नाही," दादा म्हणाला. "लावायची. आमची आई दारात उभं करून लावायची, अंगावर. बोललं की म्हणायची, ओठांना टाका पडेल."

"मग भेटतात माणसं पुन्हा?" मास्तरांनी विचारलं.

दादा बहिणीकडे बघत नव्हता. तो बदकाकडे बघत होता.

"शाळा सुटली की रोज भेटायची," तो म्हणाला.

मास्तरांनी मान डोलावली. हे त्यांना पुराव्यासारखं वाटलं असावं. त्यांनी बटण खिशात ठेवलं, मागे फिरले आणि मावशींच्या दाराशी जाऊन पत्नीपुढे कोट ताणून उभे राहिले. बटण घरून आणलेलं, त्याला जागा नव्हती, म्हणून ते आतल्या अस्तराला लावायचं ठरलं. मास्तर तेवढा वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी पुढे सबंध रस्ताभर सांगत होत्या, की लग्नापासून पहिल्यांदाच.

दादा खाली उतरला. जाळी स्वच्छ करून वर आला तेव्हा धार हलकेच उचलली गेली, कलली, आणि साहेबांच्या एका बुटावर पडली. साहेब दोन पावलं मागे सरले. म्हणाले, महिना संपेपर्यंत बघू.

महिना संपला, हौदात माती पडली नाही. बटणं पडायची एकदम थांबली असं नाही. ऑफिसनं जाहिरात बदलली नाही, कारण जुन्यांचे गठ्ठे शिल्लक होते, आणि खलाशाची गोष्ट सांगणारा वाटाड्या काही ऐकेना. पण हौदात आता सापडत ती ओंजळभर, आणि तेवढी दादाला जाळीवरून निपटून काढता येत. साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. त्यांनी गाडी बोलावली नाही, एवढं सगळ्यांनी पाहिलं. मावशींच्या दाराशी मात्र सकाळी सकाळी एक चमत्कारिक दृश्य दिसे: परकी माणसं जोडीजोडीनं उभी, एकाची मान खाली, दुसऱ्याचे ओठ मिटलेले, आणि शहराच्या त्या एवढ्याच कोपऱ्यात बोलणं बंद.

झाकणावर पळी वाजली ती आणखी काही दिवसांनी, घोळका पुलाशी पोचवल्यावर. खाली जाळी खरवडणं थांबलं. मग आवाज आला, की सूप असेल तर मीठ बघून आण.

ती म्हणाली, "सूप नाही. वर ये. गळ्याजवळचं बटण नाहीये तुला, किती दिवस बघतेय. वहिनीला दिसत नाही का?"

"तिला दिसतं. ती म्हणते, बहिणीनं एवढी बटणं मिळवून दिली, त्यातलं लावा."

तो वर आला, कडेवर बसला. भिंगरीनं कोटाच्या खिशातून सुई-दोरा काढला. मावशींच्या रिळातला, काळा. बटण आणायचं मात्र राहिलं होतं. ती मावशींकडे जायला वळली तेव्हा त्यानं डगल्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ तिच्या तळव्यावर उघडली. शिंगाचं, काळपट तपकिरी, कडेला टवका उडालेलं. पाण्यानं त्याची चकाकी गेली होती.

कधी सापडलं, ते तिनं विचारलं नाही. पहिल्यांदा पंप बंद पडला तेव्हाच सापडलं असणार. त्या रविवारी ती टेबलावर बोटं फिरवत होती तेव्हा ते याच खिशात असणार. त्यानं तिच्या कोटाकडे बोट केलं, मधल्या जागेकडे. तिनं दोरा ओवला, डगल्याची कड चिमटीत धरली आणि त्याच्या गळ्याजवळ पहिला टाका घातला.

दादानं तोंड उघडलं. हे इथलं नाही, असंच काहीतरी त्याला म्हणायचं होतं.

"गप," ती म्हणाली.

त्यानं गाल फुगवले, जसे लहानपणी फुगवायचा. ती टाक्यामागे टाका घालत राहिली आणि गुणगुणत राहिली, धाग्या रे धाग्या, हळू, कुणाला ऐकवायला नाही. निळ्या डगल्यावर ते तपकिरी बटण अगदीच विजोड दिसत होतं. धार कडेला पडत होती. तिचा एक बूट भिजला, तरी ती सरकली नाही. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला, बटणावर बोट आपटलं आणि म्हणाली, जा आता.

तो खाली उतरला. भिंगरीनं पळी उचलली आणि सूपवाल्याकडे गेली, मिठाचं सांगायला.